गिझरच्या गरम पाण्याला येणारा वास: विजेवरचा ॲनोड बसवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमच्याकडे १०० लिटरचा स्टोरेज गिझर आहे, आतून इनॅमलचा थर असलेला. पाणी बोअरचं. गिझर बसवल्यावर साधारण दीड वर्षाने गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. सुरुवातीला तो फक्त सकाळच्या पहिल्या बादलीला यायचा, दुसऱ्या बादलीपर्यंत निघून जायचा, म्हणून महिनाभर आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. मग चार दिवस घर बंद होतं. परत येऊन गरम पाण्याचा नळ सोडला तर बाथरूममध्ये उभं राहवेना. आई म्हणाली, "अरे, या पाण्याने तोंड तरी कसं धुवायचं?" आणि दुसऱ्या दिवसापासून ती गार पाण्याने आंघोळ करू लागली. तिचे गुडघे दुखतात, तिला गरम पाणी लागतं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी किरकोळ राहिला नाही.

आता विजेवर चालणारा ॲनोड (टाकीला गंजापासून वाचवणारी दांडी) बसवून आठ महिने झालेत. मधले काही दिवस सोडले (त्याची हकिकत पुढे येईल) तर वास गेलेला आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला पाच महिने लागले. त्यातले बरेचसे वाया गेले, कारण मी वास घालवत होतो आणि वास तयार करणारी गोष्ट टाकीतच ठेवत होतो.

सगळ्यात आधी वास नक्की कुठून येतो ते बघा. बाथरूममध्ये उभं राहून वास घेऊ नका, मोरीच्या जाळीतून येणारा वास पाण्याचा वाटतो. एका ग्लासात गार पाणी घ्या, दुसऱ्यात गरम, आणि दोन्ही दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. दोन्हींना वास असेल तर दोष मूळ पाण्यात आहे, गिझरवर खर्च करून उपयोग नाही. एकाच नळाजवळ वास येत असेल आणि ग्लासातल्या पाण्याला नसेल तर मोरी साफ करा. फक्त गरम पाण्याला, आणि घरातल्या प्रत्येक गरम नळाला असेल, तर टाकी. आणखी एक: या वासाची नाकाला लवकर सवय होते. घरातल्या माणसाला 'कमी झाला' वाटतो तेव्हा तो कमी झालेला असतोच असं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगा. मी बहिणीला सांगायचो.

गॅसवर चालणारा गिझर असेल तर याच्याही आधी गॅसची गळती तपासा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन मिसळतात आणि त्याचा वास याच जातीचा असतो. पाणी बंद असताना खोलीत वास येत असेल तर पुढचं वाचत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका. विजेच्या गिझरजवळ जळक्या प्लास्टिकचा वास आला तर एमसीबी पाडा आणि वायरमनला बोलवा. तो विषय वेगळा.

आता टाकीत काय घडतं ते. आमच्यासारख्या स्टोरेज गिझरची टाकी पोलादाची असते आणि आतून काचेसारखा इनॅमलचा थर दिलेला असतो. त्या थराला कुठे ना कुठे बारीक छिद्रं राहतातच. तिथून गंज धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड सोडलेला असतो. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजतं, म्हणून पाण्याचा सगळा मारा ते स्वतःवर घेतं आणि टाकी वाचते. यालाच ॲनोड म्हणतात. पण झिजताना हायड्रोजन तयार होतो. पाण्यात सल्फेट असेल, आणि बोअरच्या पाण्यात ते बरेचदा असतं, तर एका जातीच्या जिवाणूंना हे आयतं जेवण मिळतं. आपण ऑक्सिजन वापरतो तसे हे जिवाणू सल्फेट वापरतात, हायड्रोजन खातात आणि बाहेर टाकतात हायड्रोजन सल्फाइड. तोच सडक्या अंड्याचा वास. हवेत अब्जात काही भाग एवढा असला तरी नाकाला कळतो. चांदीची साखळी किंवा पितळी वस्तू काळवंडते तीही यानेच. तळाशी साचलेला क्षारांचा गाळ या जिवाणूंना लपायला जागा देतो, आणि कोमट, न हललेलं पाणी त्यांना सगळ्यात मानवतं. म्हणून घर बंद ठेवून परत आलं की वास जास्त.

हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिले तीन महिने वाचले असते.

पहिला उपाय केला तो तापमानाचा. वीजबिल वाचवायला आमचा थर्मोस्टॅट ४५ अंशांवर होता. जिवाणूंना याहून सोयीचं काय असणार! तो ७० वर नेला, रात्रभर ठेवला, सकाळी सगळे गरम नळ सोडून पाणी काढून टाकलं. त्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून पाणी येतंय ना ते पाहिलं. तो अडकलेला असेल तर तापमान वाढवायचं नाही. घरात सगळ्यांना बजावलं, कारण ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी भाजवतं, लहान मुलांची त्याहून लवकर. वास गेला. १९ दिवसांनी परत आला.

मग टाकी साफ केली. एमसीबी बंद, पाणी थंड होऊ दिलं, खालच्या ड्रेनमधून सगळं काढलं. दोन बादल्या दुधाळ पाणी आणि मूठभर पांढरी खपली निघाली. ॲनोड पान्याने सोडवून बाहेर काढला तर तो कुरतडल्यासारखा दिसत होता, एका टोकाला आतली पोलादी तार उघडी पडलेली. (तार दिसायला लागली की रॉड बदलायचा, हे लक्षात ठेवा.) त्याच भोकातून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. १५० लिटरला साधारण १ लिटर असं प्रमाण धरलं. टाकी भरली, प्रत्येक गरम नळ थोडा वेळ चालवला, म्हणजे पाइपातही ते पोहोचलं. मग तीन तास तसंच ठेवून धुऊन काढलं. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतो म्हणून मला ते ब्लीचपेक्षा बरं वाटलं. हे सगळं होईपर्यंत गिझर चालू करायचा नाही. टाकी पूर्ण भरली नसताना एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) तापलं तर ते जळतं. या वेळी २६ दिवस मिळाले. पुढच्या खेपेला ब्लीच वापरलं, पाच आठवडे मिळाले. (गाळ काढायला व्हिनेगर वापरणार असाल तर ब्लीच त्याच्या जवळपासही आणू नका, दोन्हींतून विषारी क्लोरीन वायू सुटतो.)

प्रत्येक वेळी जिवाणू मरत होते आणि त्यांचं जेवण टाकीत लटकत होतं. बोअरच्या पाण्यातून नवे येत होते आणि पंगत तयारच होती.

प्लंबर म्हणाला, "दादा, तो रॉडच काढून टाकतो आणि प्लग मारतो. वास उद्यापासून बंद." त्याचं म्हणणं वासापुरतं खरं होतं, आणि खरं सांगायचं तर आईकडे बघून मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण रॉड काढला की गंज थेट टाकीला लागतो, वॉरंटीही जाते. कुणी असं सुचवलं तर कृपा करून ऐकू नका.

हा पेच जुना आहे. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली. पण तांबं पाण्यात उतरेना झालं, तशी जहाजांच्या तळाला शिंपल्या आणि शेवाळ धरायला लागलं आणि जहाजं मंदावली. धातू राखला की जीव माजतो, हे तेव्हाच दिसलं होतं. वाचलं तेव्हा मला माझीच टाकी आठवली.

मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड लावून पाहिला. फरक नक्की पडला, रोजच्या वापरात वास जवळपास नाहीसा झाला. ज्यांचा वास सौम्य आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही, हा सगळ्यात सोपा बदल आहे. आमच्याकडे मात्र तीन दिवस घर बंद राहिलं की पहिल्या बादलीला तो पुन्हा यायचा.

शेवटी विजेवरचा ॲनोड घेतला. यात टायटॅनियमची बारीक दांडी असते, ती झिजत नाही. झिजण्यातून जो विद्युतप्रवाह टाकीला मिळायचा तो इथे एक छोटा अडॅप्टर पुरवतो, अगदी थोड्या मिलिअँपियरमध्ये. विजेचा खर्च नगण्य. एक वायर दांडीला, दुसरी टाकीच्या धातूला. या दोन उलट लावल्या तर टाकीच झिजायला लागते, तेव्हा जोडणारा माणूस रंग बघून जोडतोय ना, हे शेजारी उभं राहून बघा. बसवतानाच पेरॉक्साइडने टाकी पुन्हा एकदा साफ केली. दोन दिवसांत वास गेला.

तिसऱ्या आठवड्यात हलका वास परत आला आणि माझा धीर सुटला. दोन दिवस चिडचिड केल्यावर दिसलं की अडॅप्टरचा हिरवा दिवा फक्त गिझर चालू असतानाच लागतो. वायरमनने तो गिझरच्याच बटणावर घेतला होता. आम्ही गिझर दिवसाला तासभर चालवतो, म्हणजे उरलेले २३ तास ॲनोड मेलेला. वेगळ्या, कायम चालू असलेल्या प्लगवर घेतला आणि तेव्हापासून आजपर्यंत वास नाही. ज्या घरात गिझरचं बटण आंघोळीपुरतंच दाबतात, त्या प्रत्येक घरात ही चूक होणार असं मला वाटतं, म्हणून इतकं लिहिलं. थर्मोस्टॅटही आता ६० वर आहे, पाणी बादलीत गार मिसळून घेतो. कोमट टाकीत लिजिओनेलासारखे खरोखर आजारी पाडणारे जिवाणूही वाढतात, तेव्हा ४५ वर परत जाणार नाही.

सहाव्या महिन्यात दांडी काढून पाहिली, जशीच्या तशी. ड्रेनमधून थोडा गाळ निघाला. तो निघणारच, ॲनोड बदलून पाण्यातले क्षार जात नाहीत.

तक्रारीही आहेत. बाथरूमबाहेरून वायर आणावी लागली आणि ती दिसते. दिवा इतका बारीक आहे की स्टुलावर चढून बघावा लागतो. वीज बराच काळ गेली तर तेवढा वेळ टाकीला संरक्षण नाही. दोन आठवड्यांहून जास्त घर बंद राहिलं तर टाकीत थोडा हायड्रोजन साठू शकतो, म्हणून परतल्यावर आधी गरम नळ काही मिनिटं सोडून ठेवायचा आणि तोवर जवळ काडी किंवा सिगारेट पेटवायची नाही. हे झिजणाऱ्या ॲनोडलाही लागू आहे, पण मला ते विजेवरच्या ॲनोडसोबत आलेल्या पत्रकातच पहिल्यांदा वाचायला मिळालं.

मागच्या महिन्यात दहा दिवस घर बंद होतं. आल्यावर आईने स्वतः नळ सोडला, थोडं पाणी जाऊ दिलं, ओंजळीत घेऊन हुंगलं आणि म्हणाली, "भर बादली."

घेण्याआधी दोन गोष्टी मोजा. जुन्या ॲनोडचे आटे कोणत्या मापाचे आहेत, आणि टाकीत दांडी कुठे येणार. ती आतल्या भिंतीला किंवा कॉइलला टेकता कामा नये. काही गिझरमध्ये ॲनोड वेगळ्या बोल्टवर नसून एलिमेंटच्याच प्लेटवर बसवलेला असतो, तिथे हा प्रकार सरळ बसत नाही. टाकी स्टेनलेस स्टीलची असेल तर आत ॲनोड आहे का हेच आधी विचारा. नसेल तर वासाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.