गिटारचा रियाझ: मेट्रोनोमवर की तबल्याच्या ठेक्यावर?

मिरजेत गिटार शिकणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. क्लासचे सर म्हणतात मेट्रोनोम लाव, म्हणजे ठरावीक वेगाने टोल देणारं यंत्र. घरी काका म्हणतात, ‘‘ते टकटक कशाला, ठेक्यावर वाजव की!’’ गाव सतार-तंबोऱ्यांचं, 2024 मध्ये दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय, तेव्हा काकांशी कोण वाद घालणार? मेट्रोनोम आणि ठेका, दोन्हींची ॲप फुकट मिळतात, त्यामुळे प्रश्न पैशाचा नाही, रोजच्या अर्ध्या तासाचा आहे.

मेट्रोनोम रूक्ष, पण चूक लपू देत नाही. जी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) सी कॉर्डवर जाताना अनामिकेला पहिल्या तारेवरून थेट पाचव्या तारेवर उडी मारावी लागते, तिसऱ्याच पडद्यात. माझी ही उडी रोज उशिरा पडायची आणि ठेक्यावर ते कधी कळलंच नाही. डग्ग्याच्या, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याच्या, घुमाऱ्यात सगळं गोड लागतं. मिनिटाला 60 टोल लावून बसलो तेव्हा आधी टोल, मग माझी कॉर्ड, असं स्पष्ट ऐकू आलं. 50 वर उतरलो. चार टोल जी, चार टोल सी, दुसरं काही नाही. आठवड्याभरात बोट वेळेत पोचायला लागलं, मग पाच-पाचने वेग वाढवला.

पण गाण्याला साथ करायची असेल तर मेट्रोनोम तोकडा पडतो. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहांचा; नुसत्या टोलातून आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, मनात उभं राहत नाही. ‘धागेनति नकधिन’ वाजत असताना खालीला (तालाच्या हलक्या भागात) डग्ग्याची घूम जाते आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार ते न मोजता कळतं. स्ट्रमिंगमधला (तारांवर हात फिरवतानाचा) जोर कुठे द्यायचा हेही त्यातूनच सुचतं.

ठेक्याची एक भानगड आहे: तबला गाणाऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या ‘सा’च्या सुरात हवा. गाणारा काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुरात) गात असेल तर ॲपमध्ये तीच पट्टी लावा, गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि सी पट्टीतल्या कॉर्डचे नेहमीचे आकार धरा. पांढरी एक असेल तर कॅपो नको. मी एकदा अर्धा तास तारा पिळत बसलो होतो. गिटार सुरातच होती, ॲपची पट्टी भलतीच होती.

माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने मेट्रोनोम, काका काहीही म्हणोत. कॉर्ड बदलताना हात अडखळेनासा झाला की अर्धा वेळ ठेक्याला द्या. फक्त भजनाला किंवा गाणाऱ्या बहिणीला साथ करण्यापुरतंच शिकायचं असेल तर ठेका महिनाभरातच सुरू केला तरी चालेल. मात्र त्याचा आवाज गिटारपेक्षा कमी ठेवा. माझा घोळ तिथेच झाला होता.