दशांश, कर्ज आणि म्हातारपणाची तरतूद : ‘फायनान्शियल पीस युनिव्हर्सिटी’चा वर्ग केल्यावर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी ना कधी ‘फायनान्शियल पीस युनिव्हर्सिटी’च्या वर्गाचे निमंत्रण मिळण्याचा संभव बराच आहे. टेनेसीच्या डेव्ह रॅम्झी यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला घरच्या पैशांच्या नियोजनाचा हा अभ्यासक्रम सध्या नऊ पाठांचा आहे. पाठ चित्रफितीवर पाहायचा, मंडळीतल्याच एखाद्या स्वयंसेवक दांपत्याने चर्चा चालवायची आणि घरी जाऊन महिन्याचे अंदाजपत्रक भरायचे, असा त्याचा क्रम असतो. रॅम्झी स्वतः १९८८ मध्ये दिवाळखोरीत गेले होते, त्यामुळे कर्जाबद्दल ते पोटतिडकीने बोलतात. आम्ही पती-पत्नींनी हा वर्ग पूर्ण केला. दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देणे), कर्जफेड आणि निवृत्तीची बचत यांचा मेळ घालू पाहणाऱ्या घराला तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्या प्रश्नापुरतेच हे परीक्षण आहे.

या वर्गाची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो अंदाजपत्रकाचा कागद. त्याची पहिली ओळ दानाची असते. भाडे, किराणा, गाडी, विमा हे सगळे त्याखाली येते आणि शेवटी मिळकतीतून सर्व रकमा वजा केल्यावर बाकी शून्य यावी लागते. म्हणजे प्रत्येक डॉलरला महिना सुरू होण्याआधीच काम नेमून द्यायचे. वार्षिक ८४,००० डॉलर पगार असलेल्या घराने ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीच्या, पगारावर दशांश धरला, तर दरमहा ७०० डॉलर पहिल्याच ओळीत लिहिले जातात, आणि त्याच कागदावर चार बोटे खाली क्रेडिट कार्डाचा हप्ता असतो. अनेक घरांत अर्पणाचे पाकीट एकाच्या हातात आणि कर्जाचे कागद दुसऱ्याच्या कपाटात असतात. दोन्ही आकडे एका पानावर आले की दोघांनाही पहिल्यांदा खरे चित्र दिसते. दशांश ढोबळ पगारावर द्यावा की हातात येणाऱ्या रकमेवर, हा निर्णय आमच्या वर्गात ज्याच्या त्याच्यावर सोडला होता, आणि ते मला योग्य वाटले.

कर्ज असताना दशांश देणे म्हणजे सावकाराच्या पैशातून दान करणे होय, हा आक्षेप अनेकदा ऐकू येतो आणि तो हलकाही नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात कोणाच्या ऋणात राहू नका असे प्रेषित पौलाने लिहिले आहेच. तरीही अमेरिकेच्या काँग्रेसने १९९८ मध्ये कायदा करून दिवाळखोरीतल्या माणसाच्या धार्मिक दानाला, वार्षिक ढोबळ मिळकतीच्या १५ टक्क्यांपर्यंत, संरक्षण दिले. रॅम्झींची भूमिका अशी की कर्ज असतानाही दशांश थांबवू नये, मात्र त्याहून जास्तीचे दान कर्ज फिटेपर्यंत आवरावे. बहुतेक घरांसाठी ही भूमिका मला मान्य आहे. पण ज्या घरात किमान हप्तेसुद्धा भरले जात नाहीत, त्या घराशी वर्ग फार घाईने बोलतो. दान माणसाजवळ जे आहे त्यानुसार मान्य होते, जे नाही त्यानुसार नव्हे, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. अशा घराने पाळकांशी मोकळेपणाने बोलून काही काळ लहान पण ठरलेली रक्कम द्यावी आणि ती पहिल्याच ओळीत लिहावी, असे माझे मत आहे. पाळकांना हे सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही.

वर्गाचा गाभा सात पायऱ्यांचा आहे. आधी १,००० डॉलरची तात्पुरती गंगाजळी उभी करायची. मग घराचे कर्ज सोडून बाकीची कर्जे, लहानातल्या लहान रकमेपासून सुरुवात करून, फेडायची. मग तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ठेवायची. आणि त्यानंतर चौथ्या पायरीवर मिळकतीचे १५ टक्के निवृत्तीसाठी गुंतवायचे. पुढे मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज आणि शेवटी संपत्ती व मुक्तहस्ताने दान. व्याजदराऐवजी रकमेच्या क्रमाने कर्ज फेडण्यावर हिशेबी माणसे नाक मुरडतात, परंतु ९०० डॉलरचे दातांच्या डॉक्टरांचे बिल पहिल्या काही आठवड्यांत संपले की घरात जो हुरूप येतो, त्यापुढे व्याजातला फरक बहुधा किरकोळ असतो. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

माझा खरा मतभेद निवृत्तीच्या बचतीबाबत आहे. दुसरी पायरी संपेपर्यंत ४०१(के) खात्यात, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्तीच्या बचत खात्यात, पैसे भरणे थांबवावे, मालक (नोकरी देणारी कंपनी) आपला वाटा घालत असला तरीही थांबवावे, असे वर्ग सांगतो. वरच्याच घराचा हिशेब घेऊ. मालक पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत तेवढीच भर घालत असेल, तर वर्षाला ४,२०० डॉलर त्याच्याकडून मिळतात. कर्ज फिटायला दोन वर्षे लागली, तर मालकाचे ८,४०० डॉलर कायमचे गेले. वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर पंचवीस वर्षांत त्या रकमेचे साधारण ३६,००० डॉलर झाले असते. याउलट, तेच ४,२०० डॉलर २२ टक्के व्याजाच्या कार्डावर भरले, तर वर्षाला सुमारे ९२४ डॉलर व्याज वाचते. मालकाची भर पूर्ण मिळेल एवढी रक्कम चालू ठेवावी आणि बाकी सगळा जोर कर्जावर लावावा, हेच मला शहाणपणाचे वाटते. शिवाय शेअर बाजारातील गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा गृहीत धरून रॅम्झी जी गणिते मांडतात, ती म्हातारपणाच्या तरतुदीसाठी मला फारच आशावादी वाटतात. मी माझ्या घरासाठी ती वापरत नाही.

व्हिसावर असलेल्या मराठी माणसाला तर हा सल्ला आणखी जपून घ्यावा लागतो. एच-वन-बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि चौघांची मुंबईची तिकिटेच १,००० डॉलरच्या गंगाजळीत बसत नाहीत. दुसरे असे की अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते, आणि दोन्ही देशांतल्या नोकरीची वर्षे एकत्र धरण्याचा करार भारताशी नसल्यामुळे त्याआधी परतणाऱ्याला पगारातून कापलेल्या त्या पैशांचा निवृत्तीनंतर उपयोग होत नाही. अशा माणसाजवळ म्हातारपणासाठी ४०१(के) एवढेच उरते. ते थांबवायला सांगणाऱ्या वर्गाने हा प्रश्न विचारातच घेतलेला नाही.

या सात पायऱ्यांत आईवडील कोठेही नाहीत, ही सर्वांत मोठी उणीव मला वाटते. अहिल्यानगर किंवा जालन्याच्या घरी दरमहा पैसे पाठवणे आमच्यासारख्यांना दानात बसवता येत नाही आणि चैनीतही बसवता येत नाही. औषधांचे, दवाखान्याचे, कधी धाकट्या बहिणीच्या फीचे ते पैसे असतात. आमच्या वर्गात एका गृहस्थांनी सुचवले की हे पैसे कर्ज फिटेपर्यंत बंद ठेवावेत. त्यांचा हेतू चांगला होता, पण मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, माझ्याजवळचे देवाला अर्पण झाले आहे असे सांगून आईबापांना काही न देणाऱ्यांना येशूने किती कठोर शब्दांत दोष दिला आहे, हे आपण विसरता कामा नये. आम्ही कागदावर दशांशाच्या लगेच खाली ‘आई-बाबा’ अशी ओळ हाताने लिहिली आणि कर्जाचा जास्तीचा हप्ता तेवढ्याने कमी केला. कर्ज फिटायला त्यामुळे अधिक काळ लागतो, पण जे देणे कर्जाइतकेच खरे आहे ते कागदावर राहते.

कराचा मुद्दा वर्गात ओझरता येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. २०२५ साठी पती-पत्नींना मिळून ३१,५०० डॉलरची प्रमाण वजावट (खर्चाचा वेगळा हिशेब न देता मिळकतीतून सरसकट वजा होणारी रक्कम) होती. घराच्या कर्जाचे मोठे व्याज नसेल, तर ८,४०० डॉलर दशांश देऊनही करात काही सूट मिळत नव्हती. २०२६ पासून मात्र प्रमाण वजावट घेणाऱ्या दांपत्यालाही २,००० डॉलरपर्यंतचे रोख दान वजा करता येते. मंडळीकडून वर्षअखेरीची पावती न चुकता घ्यावी.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा वर्ग पैसे भरून करावा असे मी म्हणणार नाही. तिथे ज्यांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, त्यांना मूळ पगाराच्या १२ टक्के रक्कम थांबवण्याची मुभा सहसा नसतेच, त्यामुळे वादाचा मुख्य मुद्दा आपोआप मिटतो. शेतीवरच्या घरांचा प्रश्न तर वेगळाच आहे. हंगामाच्या सणाला मंडळीत धान्य, भाज्या, कोंबड्या आणून त्यांचा लिलाव करणाऱ्या लोकांची मिळकत दरमहा येत नाही, आणि दर महिन्याला शून्यावर आणायचा कागद त्यांच्या उपयोगाचा नाही.

अमेरिकेतील ज्या मराठी घरात क्रेडिट कार्ड आणि गाडीचे कर्ज साचले आहे, दशांश द्यायचा आहे आणि पती-पत्नींत पैशांवर बोलणे होत नाही, त्या घराने हा वर्ग जरूर करावा. जाण्याआधी आपल्या कंपनीकडून निवृत्ती खात्यातल्या भरीचा नियम लेखी मागवून घ्यावा, व्हिसाची मुदत आणि गावी पाठवायची रक्कम कागदावर लिहून ठेवावी आणि वर्गात कोणी ही रक्कम खोडायला सांगितले तरी ती खोडू नये. शक्य असेल तर दोघांनी मिळूनच जावे. त्या कागदावर दोघांच्या सहमतीने आकडे पडले नाहीत, तर पुढच्या पायऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही.