चार इंजेक्टर, चार सारखे आकडे

स्वस्ताच्या मोहाला बळी पडलो, असं कृपा करून म्हणू नका. पूर्ण किंमत मोजली होती मी. ८० टक्के आगाऊ, २० टक्के माल हातात पडल्यावर. इंजिनात इंधन फवारणारे, मिनिटाला १००० सीसी सोडणारे चार इंजेक्टर, ‘मॅच्ड सेट’, म्हणजे चारही सारखंच इंधन सोडणारे. खोका, सील, अंगावर कोरलेला नंबर, सगळं अस्सल वाटत होतं. मीटर लावून पाहिला, चारही १२ ओहम. पण मीटर आतल्या तारेच्या कॉइलचं सांगतो, इंधन फवारणाऱ्या नोझलचं नाही. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

आणि तो फ्लो टेस्टचा कागद! १०००, १०००, १०००, १०००. तो बघून मी खूश झालो होतो. तिथेच थांबायला हवं होतं. खऱ्या बेंचवर, म्हणजे इंजेक्टरचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, चार इंजेक्टर असे तंतोतंत सारखे येतच नाहीत. उत्तम सेटमध्येही टक्काभर इकडेतिकडे होतंच. शिवाय कागदावर दाब लिहिलेला नव्हता. दाब नसलेला आकडा मानायचाच नाही. हे आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हवा-इंधनाचं मिश्रण बरोबर दिसलं. दिसणारच. सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर मोजतो. तीन रिच (इंधन जास्त), एक लीन (इंधन कमी), सरासरी ठीक. पहिल्याच शर्यतीत चौथा पिस्टन गेला, माथ्याला आरपार भोक. पहिल्या रननंतर चारही स्पार्क प्लग काढून बघा, कुठला सिलिंडर लीन आहे ते त्यांच्या रंगावरून कळतं. मी बघितले नाहीत.

मग बेंच गाठला. ३ बार दाबाला ८६२, ८७१, ८५८ आणि ७४१. नोझलवर भिंग धरलं तर छिद्रांच्या कडांना कुसं, एक छिद्र तर अर्धवटच पाडलेलं. विक्रेता म्हणतो, ‘आम्ही ४ बारला मोजले.’ बरं, ४ बारचा हिशोब केला तर पहिले तीन हजाराच्या आसपास जातात. चौथा ८५६ वरच अडकतो. त्यावर तो गप्प.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. अर्जावर शेरा काय, तर ‘सुटा भाग सदोष’. खोटा नंबर कोरणं हा दोष आहे की लबाडी? ग्राहक तक्रारीत उत्तर आलं, शर्यतीत वापरलेल्या भागाला वॉरंटी नसते. पैसे ज्यांच्यामार्फत गेले ते म्हणतात, माल पोचला, व्यवहार पूर्ण. अहो, काय माल पोचला हीच तर तक्रार आहे! तीन ठिकाणी तीच कागदपत्रं दिली, बेंचचा अहवाल एकानेही उघडला नाही.

आगाऊ पैसे देऊ नका. बसवण्याआधी स्वतः बेंचवर लावा, ३ बारला, समोर उभे राहून.

त्या विक्रेत्याची जाहिरात आजही चालू आहे. खाली तोच कागद: १०००, १०००, १०००, १०००.