करारबद्ध युती की मोकळे हात? भारतापुढच्या दोन वाटा

जपानवर हल्ला झाला तर अमेरिकेने काय करायचं, हे 1960 पासून कागदावर आहे. भारतावर झाला तर कोणी काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. भारतानेही अशी युती करावी की आजवरसारखे हात मोकळे ठेवावेत, याबद्दल मत बनवत असाल तर सुरुवात या फरकापासून करा. अलिप्तता, व्यूहात्मक स्वायत्तता, विश्वगुरू हे शब्द तूर्त बाजूला ठेवू. इंधन कोण देतं, सुटे भाग कुठून येतात आणि पैसे कोणत्या चलनात चुकते होतात, हे पाहिलं की चित्र बरंच स्वच्छ होतं.

आधी युती. अमेरिका-जपान कराराचं पाचवं कलम म्हणतं, की जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशात दोघांपैकी कोणावरही सशस्त्र हल्ला झाला तर दोन्ही देश आपापल्या घटनात्मक तरतुदींनुसार पावलं उचलतील. यातला 'प्रशासनाखालील' हा शब्द नीट वाचा. चीनही दावा सांगतो ती सेन्काकू बेटं जपानच्या ताब्यात आहेत म्हणून ती या कलमात बसतात, असं ओबामांनी 2014 मध्ये जाहीरपणे सांगितलं. दक्षिण कुरील बेटांवर जपानचा दावा आहे, पण ताबा रशियाचा आहे, म्हणून ती बसत नाहीत. हाच मसुदा भारताने उचलला तर चीनच्या ताब्यातला अक्साई चिन पहिल्याच दिवशी कराराबाहेर राहील.

नाटोचं पाचवं कलमही लोक समजतात तसं आपोआप युद्धात उतरवणारं नाही. प्रत्येक सदस्याने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची, असं त्यात म्हटलं आहे. आजवर ते एकदाच लागू झालं, 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर, आणि तेही अमेरिकेसाठी.

युतीची किंमत जमिनीवर मोजावी लागते. ओकिनावा म्हणजे जपानचा जेमतेम 0.6 टक्के भूभाग, पण फक्त अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांचं सुमारे 70 टक्के क्षेत्र तिथे आहे. भारताने अमेरिकेशी 2016 मध्ये केलेला लॉजिस्टिक्स करार याच्या अगदी उलट आहे. एकमेकांच्या तळांवर इंधन, रसद, दुरुस्ती मिळते, पण दर खेपेला परवानगी घेऊन आणि बिल चुकवून. कायमचा तळ कोणालाच मिळत नाही.

शत्रू वेगळा असेल तर युतीही हात देत नाही, हे शेजारीच दिसतं. पाकिस्तान 1954 मध्ये सीटोत आणि 1955 मध्ये बगदाद करारात, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या दोन साम्यवादविरोधी लष्करी गटांत गेला. त्याच्या डोळ्यांपुढे भारत होता, अमेरिकेच्या डोळ्यांपुढे साम्यवाद. 1965 चं युद्ध पेटल्यावर अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला आणि झळ जास्त पाकिस्तानला बसली, कारण त्याची शस्त्रं बहुतांश अमेरिकी होती.

आता मोकळे हात. याचीही किंमत असते आणि ती आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही. 19 नोव्हेंबर 1962 रोजी नेहरूंना केनेडींकडे लढाऊ विमानांच्या तुकड्या मागाव्या लागल्या. ऐन संकटात, कसलाही करार हाताशी नसताना. 1971 मध्ये ती चूक टाळली. 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला. त्याच्या नवव्या कलमात लढण्याचं वचन नव्हतं. धोका आल्यास तातडीने सल्लामसलत करायची, एवढंच होतं. तरी डिसेंबरच्या युद्धात सुरक्षा परिषदेतले युद्धबंदीचे ठराव अडवणाऱ्या सोव्हिएत नकाराधिकाराने ढाक्यापर्यंत पोहोचायला लागणारे दिवस मिळवून दिले. अडीनडीला उपयोगी पडेल असं काहीतरी आधीच बांधून ठेवणं हाही मोकळ्या हातांच्या धोरणाचाच भाग आहे.

पण खरी परीक्षा पुरवठ्यात होते, आणि ती पाहायला महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. 1963 च्या करारानुसार समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच द्यायचं होतं. 1974 मध्ये पोखरणची चाचणी झाली, 1978 मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि भारताच्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणीची अट घातली. करार चालू असतानाच इंधन अडलं. शेवटी 1982 मध्ये फ्रान्सकडून इंधन घ्यायची व्यवस्था झाली. पुरवठादार एकच असला की त्याच्या संसदेतला कायदा आपल्या विजेपर्यंत येऊन पोहोचतो.

मित्र जुना असला तरी हेच होऊ शकतं. अवकाशयानाच्या रॉकेटला लागणाऱ्या, अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान देण्याचा 1991 चा करार रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली 1993 मध्ये बदलला. तयार इंजिनं दिली, तंत्रज्ञान नाही. स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा यशस्वीपणे उडायला 2014 उजाडलं.

नाशिकजवळचा ओझरचा कारखाना हे या धोरणाचं सर्वांत जवळून दिसणारं रूप. तिथे आधी मिग बनले, मग सुखोई-30, दोन्ही रशियन परवान्यावर. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए हे स्वदेशी लढाऊ विमान उडालं, अमेरिकी एफ-404 इंजिनावर. या मालिकेसाठी 99 इंजिनांची मागणी 2021 मध्ये नोंदवली होती. पहिलं इंजिन हाती आलं मार्च 2025 मध्ये, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने. इंजिन नसेल तर तयार सांगाडा नुसता उभा राहतो. रशियाकडूनही तोच अनुभव: एस-400 या हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणेच्या पाच संचांपैकी शेवटचे दोन युक्रेन युद्धामुळे रखडले. दोन पुरवठादार असले तर एकाच्या अडवणुकीने सगळं ठप्प होत नाही, पण सुटे भाग, प्रशिक्षण आणि दुरुस्तीची साखळी दुप्पट सांभाळावी लागते.

व्यापारात चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. 2022 पूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा 2 टक्क्यांहून कमी होता; पुढे तो एक तृतीयांशावर गेला. तेल स्वस्त मिळालं, पण रशियाला विकायला आपल्याकडे तेवढा माल नव्हता. मे 2023 मध्ये गोव्यात बाणावलीला रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी उघडच सांगितलं, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचलेत आणि ते वापरता येत नाहीत. मग ऑगस्ट 2025 मध्ये याच तेलाचं कारण देऊन अमेरिकेने जादा 25 टक्के आयातशुल्क लावलं आणि एकूण दर 50 टक्क्यांवर गेला. करारबद्ध जपानही सुटला नाही: 15 टक्के शुल्क आणि 550 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आश्वासन त्याच्या वाट्याला आलं. युतीने दर कमी होतो, माफ होत नाही.

जागतिक नेतृत्वाच्या बाबतीत मात्र मोकळ्या हातांचा फायदा स्पष्ट आहे. 2023 मध्ये हिरोशिमाच्या जी-7 बैठकीला झेलेन्स्की स्वतः आले आणि जपान एका बाजूने ठाम उभा राहिला. त्याच वर्षी दिल्लीच्या जी-20 मध्ये रशिया आणि पाश्चात्त्य देशांनी एकाच मसुद्याला मान्यता दिली आणि आफ्रिकी संघाला सदस्यत्व मिळालं. सुरक्षा परिषदेतली कायम जागा तेवढी अजून दोघांनाही मिळालेली नाही.

मग निवड कशी करायची? फिनलंडसारखा साधारण 55 लाखांचा देश रशियाशी 1,340 किलोमीटरची सीमा घेऊन एकटा राहू शकत नव्हता. 2023 मध्ये नाटोत जाणं त्याच्यासाठी योग्यच होतं. भारताचा मुख्य धोका हिमालयात आहे आणि अमेरिकेचं बळ समुद्रात. लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या काठावर विमानवाहू जहाज येत नाही. म्हणून माझा कौल मोकळ्या हातांना आहे, पण जे आपण बनवू शकत नाही त्याचा साठा आणि दुसरा पुरवठादार तयार असेल तरच.

पुढच्या वेळी एखाद्या शस्त्रकराराची बातमी आली तर किंमत वाचून थांबू नका. इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागातली पाती इथे ओतली जाणार आहेत का, ते शोधा. तेजससाठीच्या स्वदेशी कावेरी इंजिनाचं काम 1989 मध्ये सुरू झालं, ते अपेक्षित जोर देऊ शकलं नाही आणि 2008 मध्ये तेजसपासून वेगळं करावं लागलं. ओझरला अमेरिकी इंजिनाची वाट पाहावी लागली, ती त्यामुळेच.