सकाळी सव्वासातला उघडणारं पाळणाघर

कोल्हापुरात पाळणाघरं भरपूर आहेत. सकाळी सव्वासातला दार उघडणारं मला मात्र एकच मिळालं, राजारामपुरीत, एका काकूंच्या घरात. ते नसतं तर माझं एलएलबीचं पहिलं वर्ष झालं नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी 2014 ची बी.कॉम. मग लग्न झालं, मुलगी झाली, मुलगा झाला. 2025 मध्ये तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली. प्रवेशाची धावपळ चालू असतानाच 18 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी चाळीसेक वर्षं ज्याच्यासाठी लढा दिला ते भाऊसिंगजी रोडवर आलं. सातारा, सांगली, सोलापूरपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं आता दाद मागायला इथं येणार. आणि मी इथंच राहते. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, आता मी थांबत नाही.

लेक्चर साडेसातला. नवरा शिरोली एमआयडीसीत, पहिली पाळी असली की सहाला घर सोडतो. सासूबाई गडहिंग्लजला, त्यांचं गुडघ्याचं दुखणं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, म्हणजे ‘जमेल तेव्हा जाईन’ हा मार्ग नव्हताच.

पाच पाळणाघरं बघितली. बहुतेकांचं दार नऊनंतर. एका ठिकाणी बाईंनी विचारलं, "नोकरी कुठं?" शिकते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग घरातच आहात की तुम्ही." ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाही. राजारामपुरीच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "लेक्चर किती वाजता सुटतं, आणि परीक्षा कुठल्या महिन्यात?" दोन्ही उत्तरं त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून घेतली. मी तिथंच पैसे भरले.

तळमजल्यावर दोन खोल्या, एक बंद व्हरांडा. बारा-तेरा मुलं, काकू धरून तिघी जणी. अगदी लहानांसाठी दोन झोळ्या बांधल्यात. सकाळचा डबा आपण द्यायचा. दुपारचं जेवण त्यांचं: मऊ वरणभात नाहीतर मुगाची खिचडी, वर तूप. माझा धाकटा तेव्हा सव्वा वर्षाचा होता आणि घरी दोन घासांवर तोंड फिरवायचा. तिथल्या मावशी त्याला मांडीवर न घेता पाटावर बसवायच्या, ताटलीत भात ठेवून त्याच्या हातानं खाऊ द्यायच्या. अर्धा भात जमिनीवर जायचा. त्या पुसायच्या, कधी कपाळाला आठी नाही. पंधरा दिवसांत तो जेवायला लागला. हे मला घरी जमलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तो फार रडला. मी दारात घुटमळत राहायचे. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिसत राहिलात की त्याचं रडणं लांबतं. सांगून जावा, लपून जाऊ नका, पण जावा." तेव्हापासून मी त्याला सांगून निघते, "आई कॉलेजला चालली, भात खाल्लास की येते." मोठी चार वर्षांची आहे. तिला पहिल्या दिवसापासून आवडलं, तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

फी दुपारी दोनपर्यंतची, मोठीचे 2,200 आणि धाकट्याचे 2,800. दोननंतर तासाला 40 रुपये. माझे सत्राचे पेपर दुपारी होते. त्या दिवसांत मुलं साडेपाचपर्यंत तिथं राहिली आणि काकूंनी तारखा आधीच मांडून ठेवल्या होत्या, मला आठवण करावी लागली नाही.

आता खटकलेलं. साडेबाराला टीव्हीवर कार्टून लावायचे, ते दीड वाजला तरी चालूच. मी स्पष्ट बोलले, आता अर्ध्या तासावर आलंय. मला तेही नको आहे. मागच्या परड्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना अडसर नव्हता. धाकटा पडला, ओठ फुटला. मला लगेच फोन आला, आणि पुढच्या सोमवारी तिथं लाकडी फाटक बसलेलं होतं, पण ते आधीच हवं होतं. पैशाची पावती देत नव्हते. मी करार कायदा शिकत होते, हट्टच धरला. आता वहीत रक्कम लिहून सही करतात. नियम अजून तोंडीच आहेत, ते कागदावर यायला हवेत.

ताप असेल तर मुलाला घेत नाहीत, आणि उतरल्यावरही एक दिवस घरीच ठेवायला सांगतात. नियम बरोबर आहे, बाकीच्या मुलांसाठी तो हवाच. पण फेब्रुवारीत दोघं पाठोपाठ आजारी पडले आणि एका विषयात माझी हजेरी 72 टक्क्यांवर आली. यूजीसीनं डिसेंबर 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलंय की विद्यार्थिनींना प्रसूतीसाठी रजा आणि हजेरीत सवलत द्या. चांगलं आहे. पण बाळ दोन वर्षांचं होऊन तापानं फणफणतं, तेव्हाचं काय? मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय द्यावी लागते. ती कर्मचाऱ्यांसाठी. शिकणारी आई त्या मोजणीत येत नाही. वर्गात माझ्यासारख्या आणखी तिघी आहेत, आणि कॉलेजच्या आवारात एक खोली, दोन मावशी एवढं जरी झालं तरी आमची निम्मी ओढाताण मिटेल. हे मी प्राचार्यांना लेखी देणार आहे.

सहापर्यंत नोकरी असलेल्यांना हे पाळणाघर सोयीचं नाही. परीक्षेसारखं काही अडलं तरच उशिरापर्यंत ठेवतात, एरवी चारला बंद. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्या दिवशी नवरा पाळी बदलून घेतो. सकाळचं कॉलेज, डी.एड., नर्सिंग असं काही करणाऱ्यांनी मात्र जरूर बघावं. जून जवळ आला की जागा भरतात. बघायला जाल तर फोन न करता बाराच्या सुमारास जा, तेव्हा मुलं जेवत असतात.