एमएम ५४० ला पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर: ३१ इंची टायरवाल्यांनी वाचाच

गाडी महिंद्रा एमएम ५४०, प्युजो डिझेल इंजिन, पाट्यांना लिफ्ट (म्हणजे गाडी उंच केलेली), पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची), खाली ३१ इंची मड टायर. कंपनीचे चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकाच्या डब्यात आतून शू दाबले जातात ते. आता पुढे डिस्क कन्व्हर्जन किट, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) आणि नवीन मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला प्रेशर देणारा) असं सगळं एकदम बसवून घेतलंय आणि पूर्ण पावसाळा गाडी चालवून मगच लिहितोय. काम मस्त झालंय, पैसे वसूल. पण नुसतं किट आणून लावलं तर काही उपयोग नाही, आणि किट विकणारा हे सांगत नाही.

आधी टायरचं बघा. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास साधारण ७३४ मिमी, ३१ इंची म्हणजे ७८७. म्हणजे ड्रम तेवढीच ताकद लावतोय पण रस्त्यावर पोचताना ती ७ टक्क्यांच्या आसपास कमी होते, त्यात मड टायर आणि रिमचं वजन वाढलेलं, विंच-बंपरचं वजन वेगळंच. लोक टायर, लिफ्ट, लाइट सगळ्यावर पैसे घालतात आणि ब्रेक मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या हिशोबाचे ठेवतात, हे मला अजिबात पटत नाही. आधी थांबता आलं पाहिजे, मग पुढचं सगळं.

दुसरं कारण पाणी. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि बारीक वाळू जाऊन बसते, पुढचा बराच वेळ ब्रेक धरतच नाहीत आणि धरले की एका बाजूला ओढतात, लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) खरवडून निघतात ते वेगळं. डिस्क उघडी असते, फिरता फिरता पाणी फेकून देते आणि पॅडच ती पुसून काढतो. पाण्यातून बाहेर आलो की पेडल एकदा हलकं दाबायचं, बास. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, स्पीडवरून थांबणं वगैरे त्याच्यानंतर.

किटमध्ये डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा), पॅड, ब्रॅकेट आणि होज (लवचिक ब्रेक पाइप) आले. पॅड बोलेरोचे बसतात, म्हणजे तालुक्याच्या गावीही मिळतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण इम्पोर्टेड कॅलिपर घेऊन पॅडसाठी महिनाभर वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ब्रॅकेट जाड प्लेटचे आणि सरळ होते, पण बोल्ट साधे दिलेले, ते फेकून जास्त मजबूत १०.९ ग्रेडचे घेतले. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं. हबला लेथवर टर्निंग करावं लागलं तेव्हा डिस्क सरळ बसली, डायल गेज लावून (फिरताना डुलतं का ते मोजून) बघितल्याशिवाय टर्नरकडून हब घेऊ नका. आणि रिम चढवून हाताने फिरवून बघा, काही १५ इंची रिमना कॅलिपर आतून घासतो.

आता बूस्टर. किट विकणारा म्हणाला होता गरज नाही. गरज आहे! ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी दाबला जातो, ती फुकटची ताकद डिस्कला मिळत नाही, सगळा जोर पायाने लावायचा, त्यामुळे बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागतं आणि माणूस म्हणतो यापेक्षा ड्रम बरे होते. त्यातून आपलं इंजिन डिझेल, पेट्रोलसारखं मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप लागतो. मागे पंप असलेला अल्टरनेटर मिळतो तोच बसवला, पंपाला इंजिन ऑइलची लाइन नीट दिली पाहिजे नाहीतर पंप जाम होतो. चेक करायची सोपी पद्धत, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, मग दाबून धरून स्टार्टर मारायचा, पेडल जरा खाली गेलं की बूस्टर चालतोय.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवायचा मोह होतो. ड्रमवाल्या मास्टरमध्ये बरेचदा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर धरून ठेवतो. ड्रममध्ये शू मागे खेचायला स्प्रिंग असते म्हणून चालून जातं, डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नाही, पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. शिवाय कॅलिपरला ब्रेक ऑइल जास्त लागतं. म्हणून पुढे डिस्क-मागे ड्रमसाठीचाच टँडम (दोन वेगळ्या लाइनवाला) मास्टर घेतला, टीव्हीएस गर्लिंगचा. किटला जेवढे पैसे गेले जवळपास तेवढेच बूस्टर, पंप, मास्टर आणि मजुरीला गेले, बजेट तसंच धरा.

मागे ड्रमच ठेवलेत, मुद्दाम. हँडब्रेकला हात लावावा लागत नाही, आणि ब्रेक मारल्यावर वजन पुढेच येतं त्यामुळे खरं काम पुढची चाकं करतात. फक्त मागचे लायनर ॲडजस्ट करून घ्या, ते ढिले असतील तर पेडल खोल जातं आणि सगळे डिस्कला दोष देत बसतात.

गॅरेजबद्दल. नाव लिहीत नाही. फॅब्रिकेशन आणि पायपिंग एक नंबर, नवीन पाइप नीट वाकवून क्लिपा मारलेल्या. पण गाडी ताब्यात दिली तेव्हा पेडल स्पंजसारखं होतं, एअर पूर्ण काढलेलीच नव्हती, आणि लिफ्ट असूनही होज कंपनीच्याच लांबीचे. जॅक लावून चाक पूर्ण खाली लोंबकळत ठेवलं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे फुल मारलं तर होज ताणला जात होता. ब्रेकच्या कामात हे चालणार नाही. परत नेल्यावर कुरकुर न करता लांब होज टाकून दिले, एअर काढून दिली, एवढं श्रेय त्यांना. ब्रेक ऑइल डॉट ४ भरलंय, त्याचा बॉइलिंग पॉइंट कोरडं असताना किमान २३० डिग्री पण ओल शोषलं की १५५ पर्यंत येऊ शकतो, त्यामुळे दोन वर्षांनी बदलायचंच. पाण्यात जाणाऱ्या गाडीला त्याआधी बदललं तरी चांगलं.

नवीन पॅड असताना मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १०-१५ पर्यंत असं आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबू नका, मग थंड होऊ द्या. त्यानंतरच खरा ब्रेक कळतो. ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना पूर्वी पेडल हळूहळू खोल जायचं, आता खालपर्यंत एकसारखं राहतं आणि गाडी सरळ थांबते. तरीही घाट उतरायचा तो खालच्या गिअरवरच, डिस्क आली म्हणून चौथ्यात सोडू नका.

एक गोष्ट बूस्टरवाल्यांना नवीन शिकावी लागते. उभ्या चढावर इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच पेडल हलकं लागतं, नंतर जड होतं. तेव्हा पंपिंग करायचं नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचं, लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरचे हळू, ताकदीचे गिअर) रिव्हर्स टाकून क्लच सोडायचा, मग ब्रेक हळू सोडत गिअरमध्येच स्टार्टर मारायचा. हे सपाटीवर, मग छोट्या चढावर सराव करून ठेवा, घरातले बाकीचे गाडी चालवत असतील तर त्यांनाही शिकवा.

कागदपत्रांचं पण बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांशी आधी बोलून घ्या.

आणि थार-बोलेरोवाले विचारतात आम्हाला काय, तर तुमच्याकडे पुढे डिस्क आधीच आहे. लिफ्ट केली असेल तर मागच्या ॲक्सलवरून लिंकने चालणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) आहे का ते खाली वाकून बघा. लिफ्टमुळे त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. लिंक नवीन उंचीला सेट करून घ्या, नवीन पॅड आणि ऑइल टाका, त्यानंतरही कमी वाटलं तरच मोठ्या डिस्कवर पैसे घाला.