रिकॉलचं बिल दाखवून विकलेली सेडान

जुनी गाडी विकणारा कुणी म्हणाला, "रिकॉलचं काम आम्ही स्वतः पैसे भरून करून घेतलंय, हे बघा बिल," तर तो व्यवहार तिथंच थांबवा. रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत. कंपनीनं बसवलेल्या भागात दोष निघाला म्हणून कंपनी गाडी परत बोलावते आणि भाग बदलून देते. पार्टचे पैसे नाहीत, मजुरी नाही. मला दाखवलेलं बिल १४,८०० रुपयांचं होतं आणि त्याच्याच जोरावर गाडीचा भाव चढवला गेला.

गाडी २०१८ ची, पेट्रोल, सीव्हीटी (पुली आणि पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) ऑटोमॅटिक, एमएच-१४ पासिंगची मधल्या आकाराची सेडान. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला कंपनीनं फसवलेलं नाही. फसवलं ते पिंपरी-चिंचवडच्या बाजूला जुन्या गाड्यांचं दुकान थाटून बसलेल्या विक्रेत्यानं. प्रकरण ग्राहक आयोगापुढं असल्यानं त्याचंही नाव इथं घेत नाही. आई-वडिलांना साताऱ्याहून पुण्याला दवाखान्यात न्यायचं-आणायचं असतं, घाटातल्या ट्रॅफिकमध्ये सारखा क्लच दाबायला नको आणि मागं त्यांना पाय पसरून बसता यावं, म्हणून ऑटोमॅटिक सेडानच घ्यायची होती. नवी परवडणारी नव्हती. ही ६ लाख ८५ हजारांना ठरली.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी धुऊन-पुसून दारात उभी होती आणि इंजिन गरम होतं. "सर, आत्ताच वॉशिंगवरनं आणली," असं सांगितलं. मीटरवर ५८ हजार किलोमीटर. ट्रायल दिली ती मोकळ्या सर्व्हिस रोडवर, तीही त्यांचाच माणूस शेजारी बसून "दाबा सर, दाबा, पिकअप बघा" म्हणत होता. वेगात सीव्हीटी गुळगुळीतच चालते. तिचं दुखणं हळू चालवताना कळतं, आणि हळू चालवायला त्यांनी वावच दिला नाही.

आरसीचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर आला होता. त्यात नोंदणी क्रमांक दिसत होता, तारीख दिसत होती आणि चासी नंबरवर फोटो काढणाऱ्याचा अंगठा होता. परत मागितला तर दुसरा फोटो आला, त्यात त्याच ओळीवर प्लॅस्टिकच्या कव्हरची चमक. हे आपोआप होत नाही. चासी नंबर हातात आला की अधिकृत सर्व्हिस सेंटरला दोन मिनिटांत कळतं की गाडीवर रिकॉल बाकी आहे का, शेवटची सर्व्हिसिंग किती किलोमीटरला झाली आणि तेव्हा काय काम सांगितलं होतं. विक्रेत्याला नेमकं तेच नको होतं. सरकारी वाहन ॲपवर बाकी माहिती दिसते, पण चासी नंबरचे काही आकडे झाकलेले असतात.

रिकॉलचा विषय मीच काढला. या मॉडेलच्या टाकीतल्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रिकॉल झाला होता, ते मला ठाऊक होतं. विक्रेता म्हणाला, "दादा, तो विषय संपवलाय. नवीन पंप टाकलाय." आणि फाइलमधून बिल काढलं. एका खासगी गॅरेजचं छापील बिल, त्यावर 'रिकॉल, फ्युएल पंप बदली', खाली सही-शिक्का. खर्च केलाय म्हणून किंमत कमी होणार नाही, आणि संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन द्या, असं त्याचं म्हणणं. २१ हजार टोकन गेलं आणि आठवड्याच्या आत बाकीची रक्कम.

पुढं एकदा पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढात गाडी बंद पडली. आधी ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ कमी झाली, मग एक झटका बसला, डॅशबोर्डवरचे दिवे पेटले आणि इंजिन गप्प झालं. इंजिन बंद पडलं की पॉवर ब्रेकची मदत एक-दोनदा दाबण्यापुरतीच उरते आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. मागं भरलेला ट्रक, मागच्या सीटवर आई-वडील. ट्रकवाल्या दादांनी हॉर्न न वाजवता आपली गाडी आडवी घालून मागची वाहतूक थोपवली, नाहीतर हे लिहायला मी असतो की नाही सांगता येत नाही.

गाडी टोइंग करून साताऱ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. आरसी माझ्या नावावर झाली होती, त्यामुळं तिथल्या सल्लागारानं चासी नंबर टाकून स्क्रीन माझ्याकडं वळवली. वरच्याच ओळीत लाल अक्षरांत पंपाच्या रिकॉलची मोहीम 'प्रलंबित'. २०२० पासून. टाकीतला पंप काढला तर तो कारखान्यातून बसून आलेला मूळचाच निघाला. १४,८०० रुपयांचं बिल म्हणजे निव्वळ कागद होता.

त्याखालची ओळ आणखी वाईट. गाडी माझ्या ताब्यात यायच्या थोडं आधी कंपनीच्याच एका सर्व्हिस सेंटरला गेलेली होती. तेव्हाची नोंद १,१२,००० किलोमीटरच्या पुढची. मीटर निम्म्यावर आणलेलं होतं. त्या वेळच्या जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, शेरा होता की रिकॉल बाकी असल्याचं ग्राहकाला सांगितलं, ग्राहकाला वेळ नाही. काम फुकट होतं, काही तासांचं होतं, तरी केलं नाही. कारण गाडी तिथं सोडली असती तर गिअरबॉक्सचं निदानही कागदावर आलं असतं.

गिअरबॉक्सची कथा अशी. सीव्हीटीत नेहमीसारखे गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा स्टीलचा पट्टा असतो. तेल वेळच्या वेळी बदललं नाही किंवा त्याच गिअरबॉक्ससाठी सांगितलेलं तेल सोडून दुसरंच टाकलं, तर पट्टा पुलीवर घसरायला लागतो. ताशी २० ते ४० किलोमीटरला गाडी थरथरते, चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पुढं जात नाही. माझ्या गाडीतलं तेल काढलं तेव्हा ते काळं होतं आणि चुंबकावर बारीक लोखंडी कीस जमलेला होता. दुरुस्तीचा अंदाज एक लाख साठ हजार. स्कॅनर लावल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. बिघाडाची नोंद ठेवणारे एरर कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा इंजिनच्या संगणकात असतो. मी गाडी घेतल्यापासून जेवढा फिरलो, जवळपास तेवढाच तो आकडा होता. म्हणजे ताबा देण्याच्या तोंडावरच कोड पुसले होते.

आणि एअरबॅग. गाडी सुरू करताना डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून विझत होता, सगळं ठीक दिसत होतं. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडल्यावर कनेक्टरमध्ये काळ्या टेपनं गुंडाळलेला एक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा भाग) मिळाला, शेंगदाण्याहूनही लहान. स्टिअरिंगमधली फिरती केबल तुटलेली होती, ती बदलायचा खर्च वाचवायला हा तुकडा घालून संगणकाला भासवलं होतं की एअरबॅग जोडलेली आहे. ड्रायव्हरची एअरबॅग उघडलीच नसती. मीटर मागं घेणं ही पैशाची चोरी आहे. हे मात्र माणूस मारायचं काम आहे, आणि ते करणारा कुणीतरी कसबी वायरमन होता, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

रिकॉल म्हणजे काहीतरी किरकोळ, असा समज आपल्याकडं आहे, तो काढून टाका. पंपाचंच घ्या. टाकीतल्या पंपात पेट्रोल ढकलणारी प्लॅस्टिकची चकती असते. सदोष चकत्या पेट्रोल शोषून फुगतात, पंपाच्या आतल्या भिंतीला घासतात आणि पंप अडकतो. हा प्रश्न एका कंपनीपुरता नव्हता. भारतात होंडानं २०२० च्या जूनमध्ये ६५,६५१ गाड्या पंपासाठी परत बोलावल्या, पुढच्याच महिन्यात मारुतीनं वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५. होंडानं २०२१ च्या एप्रिलमध्ये आणखी ७७,९५४ आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ९०,४६८ गाड्यांसाठी तीच मोहीम काढली. त्या शेवटच्या वेळी, पूर्वी सुटा भाग म्हणून पंप बदललेल्या २,२०४ जुन्या गाड्याही धरल्या होत्या. म्हणून "पंप बदललाय" हे उत्तर पुरत नाही, कुणी बदलला आणि कंपनीच्या नोंदीत आहे का, ते बघावं लागतं.

मधल्या आकाराच्या बाकीच्या सेडानही यातून सुटलेल्या नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मारुतीनं १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या, त्यांत सियाझ होती. २०२४ मध्ये ह्युंदाईनं क्रेटा आणि व्हर्ना मिळून ७,६९८ सीव्हीटी गाड्या गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी परत घेतल्या. सगळ्यात भयंकर ताकाताचं प्रकरण. या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये पिशवी फुगवायला अमोनियम नायट्रेट हे स्फोटक रसायन वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहून ते बिघडलं की एअरबॅग फुगताना तिचं धातूचं भांडंच फुटतं आणि तुकडे माणसाच्या मानेत-छातीत घुसतात. जगभर माणसं मेली, कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जानेवारीत भारतात होंडानं २०१२ च्या ४१,५८० गाड्या बोलावल्या, त्यांत सिटी ही सेडानही होती. कोकणातली, मुंबईची, गोव्याची त्या काळातली गाडी स्वस्तात मिळत असेल तर हे आधी तपासा. अशा गाड्या चार-चार हात फिरतात. कंपनीची पत्रं पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जातात आणि पाचव्या मालकाला काही कळतच नाही. रिकॉल गाडीला लागू असतो, मालकाला नाही. पाचव्या हातालाही काम फुकटच होतं. कंपनीच्या वेबसाइटवर १७ अक्षरी चासी नंबर टाकून हे घरबसल्या बघता येतं.

टोकन द्यायच्या आधी काय करायचं, ते आता मी प्रत्येकाला पोटतिडकीनं सांगतो. चासी नंबर मागा आणि गाडीवरच्या ठोकलेल्या नंबरशी स्वतः ताडून बघा. विक्रेता द्यायला कचरला तर निघून या. सकाळी लवकर, न कळवता जा, बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा. गाडी गर्दीत, बैलगाडीच्या वेगानं चालवा. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला तपासणीला न्यायची, खर्च माझा, असं सांगा. ज्याची गाडी चांगली आहे तो नाही म्हणत नाही. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटरवर कमी किलोमीटर आणि चारही टायर नवे असतील तर जुने कशानं झिजले, ते विचारा. माझ्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर कडेला गुळगुळीत झालं होतं. ५८ हजाराला तसं होत नाही.

आणि विक्रेत्याचं अधिकारपत्र बघा. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद मूळ मालकानं सरकारी पोर्टलवर करायची असते. माझ्या विक्रेत्याकडं यातलं काही नव्हतं. मूळ मालकानं सही केलेले, मालकी बदलायचे कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म तेवढे त्याच्या कपाटात होते.

फसवणूक झालेली असेल तर गप्प बसू नका आणि घाईनं दुरुस्तीही करू नका. आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल आणि सर्व्हिस इतिहास घ्या, काढलेले भाग मागून घ्या, फोटो तारखेसकट ठेवा. व्हॉट्सॲपवरचं संभाषण पुसू नका. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली, पोलिसांत लेखी अर्ज दिला. नोटीस मिळाल्यावर विक्रेत्याचा फोन आला, "चाळीस हजार घ्या आणि मिटवून टाका दादा, आम्ही 'जशी आहे तशी' लिहूनच विकलंय." ती ओळ पावतीच्या मागं बारीक अक्षरांत आहे. खोटं बिल आणि फिरवलेलं मीटर त्या ओळीमागं लपत नाही, असं माझ्या वकिलांचं म्हणणं आहे.

तक्रार सातारा जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केली, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच दाद मागता येते. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क अवघं २०० रुपये, त्याच्या आतल्याला काहीच नाही. मुदत दोन वर्षांची. गाडीच्या कंपनीनं पंप एक रुपया न घेता बदलून दिला. गिअरबॉक्स मी उघडलेला नाही, आयोगानं तज्ज्ञ नेमला तर त्याला तो आहे तसा बघता यावा म्हणून. रेझिस्टर पाकिटात सील करून वकिलांकडं दिलाय.